बेडकीचं वाचन

फोन उचलला गेला आणि पलीकडून मीच बोलले. “हं, बोला. कोण हवंय?” एवढंच. पण तो ‘हं’ माझा होता, थोडासा नाकातून येणारा, आणि ‘बोला’च्या आधी घसा खाकरायची लकबही माझीच होती, जिच्यावरून नवरा मला लग्न झाल्यापासून चिडवत आला आहे. मला आधी वाटलं, चुकून आपल्याच घरी फोन लागला. हे वाटणं किती खुळं आहे ते लगेच लक्षात आलं, कारण आपल्या घरी तर मीच होते, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात अर्धवट सोललेला बटाटा घेऊन. तरी फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. नंबर बरोबर होता, ‘बेडकीची आई’ असा मीच साठवून ठेवलेला. पलीकडून पुन्हा आवाज आला, जरा वैतागलेला, मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली की माझा होतो तसा: “बोलायचंय की नाही?” आणि मी, नुसत्या नजरेने अख्खा वर्ग गप्प करणारी बाई, घाबरून फोन बंद करून मोकळी झाले.

खरं म्हणजे मी आनंदाची बातमी द्यायला फोन केला होता. आमच्या प्राथमिक शाळेत वर्षाच्या सुरुवातीला एकेका मुलाला जवळ बसवून त्याचं वाचन ऐकतात, मिनिटात किती शब्द वाचतो ते मोजतात, आणि वर्षाच्या मध्यावर तो कुठवर पोचला पाहिजे ते तेव्हाच ठरवून टाकतात. याला वाढीचं उद्दिष्ट म्हणतात. मूल ठरल्याप्रमाणे वाढलं तर बाई चांगल्या, नाही वाढलं तर बाईंचं काहीतरी चुकतंय. मी अजून कायम नव्हते. दर वर्षी शाळा मला ‘या वर्षापुरतं’ ठेवून घ्यायची, पाहुण्याला आणखी एक दिवस राहा म्हणावं तसं. या खेपेला मात्र मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वतःहून म्हणाल्या होत्या, “मध्यावरचं मूल्यमापन चांगलं होऊ दे गं, तुझं कायमचं मी बघते.” आणि ते चांगलंच होणार होतं. माझा वर्ग सगळ्या शाळेच्या पुढे गेला होता, आणि वर्गात सगळ्यांत जास्त वाढली होती बेडकी. तिच्या आईला हे आजच सांगावं, असं मला घरी आल्यावर अगदी राहवेना.

बेडकी हे नाव मुलांनी ठेवलेलं. तिला ते आवडायचं, त्यामुळे मीही तेच म्हणायला लागले. एवढीशी मुलगी, दोन घट्ट वेण्या, आणि आवाज असा घोगरा की रोज सकाळी कुणीतरी तो खरवडून तिच्या गळ्यात ठेवत असावं. वर्षाच्या सुरुवातीला तिचं वाचन ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण ती गोष्टीशी भांडायची. हरवलेली छत्री गावभर फिरून मालकाकडे परत येते असा तो उतारा होता. दुसऱ्याच ओळीवर ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “छत्री परत येत नसते, बाई. माझी आली नाही.” मी म्हटलं, तू वाच. तिने आणखी एक ओळ वाचली आणि बोट तिथेच ठेवून म्हणाली, “हा माणूस लबाड आहे. याने चोरलीय आणि आता सापडली म्हणतोय.” तोवर मिनिट संपलं. शब्द इतके थोडे झाले होते की मला ते लिहायची लाज वाटली. पण हसू आवरलं नव्हतं हेही खरं, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी तो सगळा संवाद नवऱ्याला तिच्या आवाजात करून दाखवला होता. तो आवाज माझ्या गळ्यात काही बसला नाही.

मग मी कामाला लागले. वर्गात मागून वाचन घ्यायचं, मी एक ओळ म्हणणार, मुलं माझ्यामागून म्हणणार. हे सगळेच करतात. पण मला कायम व्हायचं होतं. म्हणून मी घरी दार लावून, पंखा बंद करून, एकेक धडा माझ्या आवाजात फोनवर वाचून काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायला लागले. मुलांनी घरी ऐकायचं आणि बरोबरीने म्हणायचं. पालक खूश झाले. कामात असलं की लावून द्यायला बरं. बेडकीची आई औषधांच्या दुकानात कामाला, वडील दुसऱ्या शहरात, घरात दुसरं कुणी नाही. आई जुना फोन घरी ठेवून जायची, काही लागलं तर असावा म्हणून. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत त्या घरात मीच बोलत असे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि असतं तरी, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं असतं.

बटाटे चिरून झाल्यावर धीर करून मी पुन्हा फोन लावला. या वेळी आई होती. तिचा आवाज पातळ, भरभर चालणारा, प्रत्येक वाक्याला शेवटी एक गाठ मारणारा. मी म्हटलं, “मघाशी फोन कुणी उचलला होता?”

“कळलं ना तुम्हाला? बरं झालं, हो की नाही. मी कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील.”

“ती माझी नक्कल करते का?”

“नक्कल करायची तेव्हा हसायची हो. आता हसत नाही.” ती जरा थांबली. बहुधा पोरगी जवळपास आहे का ते बघत असावी. “परवा मला दुकानातून यायला उशीर झाला. दारात उभी राहून म्हणते, उशीर झाला, कारण? आणि बाई, मी कारण सांगितलं. माझ्याच पोरीला. पिशवी हातात घेऊन, उभ्याने. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले.”

मी काहीतरी म्हणाले, वय असतं असं, मुलं अनुकरणातून शिकतात, जे आम्ही नेहमी म्हणतो ते. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमचं वाचन चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मला माझी पोरगी परत द्या, बाई. ती घोगरी होती तशीच द्या.” तिच्या मुलीची वाढ सगळ्यांत जास्त झाली आहे, हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले ते कान टवकारूनच. ओळीने मुलं उभी केली, वाचायला लावली. पहिल्याने वाचायच्या आधी घसा खाकरला. दुसऱ्यानेही. तिसरी मुलगी, जिला ‘ळ’ म्हणता येत नव्हता म्हणून तिची आई काळजीत असायची, तिने स्वच्छ ‘ळ’ म्हटला आणि त्याच्या आधी घसा खाकरला. इतके दिवस हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही तसंच असेल. अख्ख्या वर्गात मी पसरले होते, आणि मुलं माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की मला खाली बसावं लागलं. पण ती मुलं वाचून झालं की आपली आपली व्हायची, भांडायची, चिमटे काढायची. बेडकी होत नव्हती. तिला मी जवळ बोलावलं आणि विचारलं, “तुला वाचायला आवडतं ना गं?” तिने माझ्याकडे पाहिलं, एक आवंढा गिळला आणि म्हणाली, “हो बाई, खूप आवडतं.” तो आवंढा माझा होता. खोटं बोलायच्या आधी मी असाच आवंढा गिळते. लहानपणापासून. हे फक्त माझ्या आईला ठाऊक होतं आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली. नवऱ्याला आजतागायत कळलेलं नाही. ध्वनिमुद्रणात आवंढा ऐकू येत नाही, आणि धडे वाचताना मी खोटं कशाला बोलेन? घरी जाऊन मी सगळे धडे पुन्हा ऐकले, कानाला फोन लावून, एकेक करून. कुठेही नव्हता. मग हिने तो कुठून उचलला, हा विचार मी पुढे नेला नाही. तो नेला असता तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नसते.

मूल्यमापनाला तपासनीस साहेब आले. मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते, शेजारी मोठ्या बाई, समोर मी, आणि माझ्या बाजूच्या उंच खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बेडकी. नमुन्यादाखल एक मूल आणायचं असतं, आणि मोठ्या बाईंनी अर्थातच तिला निवडलं होतं. साहेबांनी त्यांच्या पिशवीतून एक नवा उतारा काढला. मी तो कधी पाहिलासुद्धा नव्हता. एका टपालवाल्याचा एक बूट नाल्यात वाहून जातो, तरी तो सगळी पत्रं वाटून घरी जातो, असं काहीतरी. बेडकीने घसा खाकरला आणि वाचायला लागली. मी डोळे मिटले आणि मला कळेना की माझे ओठ मिटलेले आहेत की उघडे. जिथे मी श्वास घेतला असता तिथे तिने घेतला. एका ओळीवर मला हसू येणार होतं, आणि माझ्या आधी क्षणभर ती हसली. मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होते, थांब गं, भांड त्याच्याशी, विचार की एका बुटावर तो घरी गेला कसा. ती थांबली नाही. मिनिट संपलं तेव्हा तिने माझ्यासारखंच कागदाच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

“वा,” साहेब म्हणाले. “उच्चार, विराम, सगळं जागच्या जागी. गोष्ट आवडली का, बाळ?”

आवंढा. “हो, फार आवडली.”

मोठ्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तुझं काम झालंच म्हणून समज. म्हणाल्या, “हिने धडे आपल्या आवाजात करून ठेवलेत, साहेब. पुढच्या आठवड्यापासून ते सगळ्या वर्गांना द्यायचं ठरवतोय आम्ही.” आणि मला सगळी शाळा दिसली, सगळे वर्ग, वरचे आणि खालचे, मधल्या सुट्टीतली सगळी पोरं, आणि सगळ्यांच्या तोंडून मी. मी म्हटलं, “साहेब, ही वाढ तिची नाहीये.”

“मग कुणाची?”

“माझी. ती वाचत नाही. तिच्या तोंडून मीच वाचतेय.”

मोठ्या बाई हसल्या. “अगं, मुलं शिक्षकाचंच उचलतात. यालाच तर शिकवणं म्हणतात. काहीतरीच तुझं.”

“तिचं स्वतःचं वाचन होतं. ते गेलं.”

साहेबांनी पुढ्यातला कागद वर-खाली चाळला, वाईट हेतूने नव्हे, खरोखर शोधायला म्हणून. “ते कुठे दिसत नाही मला. सुरुवातीला इथे नुसता आकडा आहे, आणि तोही अगदीच बारका.” त्यांचं बरोबर होतं. मीच तो लिहिला होता. त्यांनी पेन उघडलं. “म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झालं नाही, असं लिहायचं का? विचार करून सांगा. तिचंच का बाकीच्यांचंही?” मी विचार केला नाही, कारण विचार केला असता तर मी आवंढा गिळला असता. म्हटलं, “सगळ्यांचंच लिहा.” बोलता बोलता माझी नजर बाजूला गेली. उंच खुर्चीत बसून बेडकी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलत होते. ‘सगळ्यांचंच लिहा’ हे आम्ही दोघींनी एकदमच म्हटलं, तिने फक्त आवाज काढला नाही. साहेब गेल्यावर मोठ्या बाईंनी टेबलावरचे कागद गोळा केले. “हातात आलेलं घालवलंस,” एवढंच म्हणाल्या. “आता पुढच्या वर्षी तुला ठेवतील की नाही, माझ्या हातात नाही.” त्यांचा राग खरा होता आणि वाईट वाटणंही खरं होतं.

त्यानंतर मी माझा आवाज आवरून घेतला. ग्रुपवरचे सगळे धडे काढून टाकले, पालकांना त्यांच्या फोनमधूनही काढायला लावले, बेडकीच्या आईला सांगितलं की आता तुम्ही जवळ बसून वाचा तिच्याबरोबर, कितीही दमलात तरी. तिने दुकानातली वेळ बदलून घेतली. वर्गात मी लागेल तेवढंच बोलायची, बाकी सगळं फळ्यावर. पहिले काही दिवस वाईट गेले. मी गप्प म्हणून मुलंही गप्प. मधल्या सुट्टीत मैदानावर सगळे वर्ग आरडाओरडा करत असायचे आणि माझी मुलं भिंतीच्या कडेने उभी, कुणीतरी काहीतरी सुरू करून देईल म्हणून वाट बघत. घरी गेल्यावर मीही बोलत नसे. नवरा म्हणायचा, “शाळेत भांडण झालं की माझ्याशी?” मी मान हलवायची. रिकाम्या घरात कधी तोंड उघडून साधं काही म्हणायला जावं, दूध उतू चाललंय वगैरे, तर तो आवाज ऐकून मला मागे वळून बघावंसं वाटायचं. मग हळूहळू वर्ग सुटा झाला. एकाने बाकाखाली घुसून मांजराचा आवाज काढला, दुसरा खो खो हसला, आणि त्या हसण्यात माझं काही नव्हतं. ‘ळ’ न येणारी पुन्हा ‘ल’ म्हणायला लागली आणि मला तिची पापी घ्यावीशी वाटली. वाचनं अडखळायला लागली, शब्द कमी झाले, माझं खाकरणं आणि माझा ‘हं’ कुठे ऐकू येईना. एकटी बेडकी बोलत नव्हती. विचारलं तर मान हलवायची, वाचायला सांगितलं तर ओळीवरून नुसतं बोट फिरवायची. मी तिच्यासमोर बसून राहायची. मला तेव्हा दुसरं काही नको होतं, कायम होणंसुद्धा नको होतं. त्या खरवडलेल्या गळ्यातून एक ओळ यावी आणि तिच्या मागोमाग एखादं भांडण यावं, बस्स.

आणि एक दिवस शाळा सुटल्यावर तिची आई धावतच वर्गात आली. चेहरा असा फुललेला की मी तिला ओळखलंच नाही. “परत आली, बाई! कालपासून सारखी बोलतेय, तोंडाला टाळं नाही, हो की नाही!” माझा जीव भांड्यात पडला. मी बेडकीकडे पाहिलं. ती दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. म्हणाली, “चल गं आई, किती वेळ उभं राहायचं, भाजी चिरायचीय, हो की नाही.” आवाज पातळ होता, भरभर चालणारा, आणि वाक्याच्या शेवटी गाठ मारलेली होती. आईने तिला पोटाशी धरलं. “बघा की! अगदी माझ्यासारखी बोलते. दुकानातसुद्धा सगळे म्हणाले, हुबेहूब.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला काय सांगणार होते मी? की तुमची मुलगी घोगरी होती, तुम्ही मला तशीच परत मागितली होती? तिला ते आठवत नव्हतं, किंवा आता आठवायची गरज उरली नव्हती. मी म्हटलं, “छान झालं,” आणि ती ऑफिसात कसला तरी दाखला घ्यायला गेली. जाताना म्हणाली, “पाचच मिनिटं हिला इथे बसवा हं.”

वर्गात आम्ही दोघीच राहिलो. बाक रिकामे, खडूची पांढरी भुकटी उन्हात तरंगत होती. माझ्या मनात आलं की बेडकीचा तो घोगरा आवाज आता जगात फक्त मलाच आठवतो. कागदावर त्याचा नुसता बारका आकडा आहे, आईच्या कानात तिचा स्वतःचा आवाज भरला आहे, आणि मीही विसरले तर तो कधी नव्हताच असं होईल. मी पुस्तक उघडलं, पुढचाच धडा, बोलणाऱ्या शेळीचा. गळा खाली दाबला आणि वाचायला लागले. पहिल्यांदा ती मीच होते, सर्दी झालेली. दुसऱ्यांदाही मीच. मला रडू यायला लागलं, आणि त्या रडण्यानेच असेल, गळ्यात काहीतरी खरखरलं आणि तो आला. तोच, खालचा, खरवडलेला, हट्टी. त्या आवाजात मी एक ओळ वाचली, ओळीवर बोट ठेवलं, मान वर केली आणि म्हटलं, “शेळीला एवढं कळतं तर ती खाटकाबरोबर चालली कशाला, बाई?” बेडकी ऐकत होती. मान कलती करून, अगदी मन लावून, वर्गात नवीन मूल आलं की बाकीची ऐकतात तशी. तिला मजा वाटली. ती हसली, आणि त्या पातळ, भरभर आवाजात तिने मला विचारलं, “छान वाचते की. ही मुलगी कुठल्या वर्गात आहे, बाई?”